जहाजाला अनुदान, मग कामगाराला हमी का नाही?



आमच्या माणगावातून दोन वाटा फुटतात. एक मुंबईला जाते. त्या वाटेने आमचे आजे आणि बाप गिरणीत गेले. कुणी साच्यावर उभा राहिला, कुणी मागावर, आणि गावी मनीऑर्डरी येत राहिल्या. दुसरी वाट मोर्बा, म्हसळ्यावरून दिघीच्या बंदराकडे जाते. पहिल्या वाटेचे काय झाले ते आपण भोगून बसलो आहोत. आता सरकार सांगते आहे की तुमच्या पोरांना दुसऱ्या वाटेने पाठवा. तिकडे बंदर वाढणार, कारखाने येणार, जहाजे बांधली जाणार, हाताला काम मिळणार.

सरकारच्या तोंडात साखर पडो! पण दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. गिरणीत आमचे तोंड चांगलेच पोळले आहे. म्हणून या नव्या ताकावर दोन फुंकरा मारायला आम्ही आज लेखणी हातात घेतली आहे. चौथीपर्यंत शिकलेला हात आहे. अक्षर वाकडे असेल, हिशेब वाकडा नाही.

पैसा किती, आणि मोजला कशावर?

२४ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचे मोठे वाटे तीन. २४,७३६ कोटी जहाज बांधणाऱ्या कारखान्यांना अनुदान म्हणून. हे अनुदान मार्च २०३६ पर्यंत चालायचे आहे. २५,००० कोटी भांडवल आणि व्याजाच्या सवलतीसाठी. आणि १९,९८९ कोटी नव्या-जुन्या गोद्यांची ताकद वाढवायला. यातून ३० लाख रोजगार होतील असे सरकारने सांगितले.

महाराष्ट्र सरकारनेही एप्रिल २०२५ मध्ये जहाजबांधणीचे स्वतःचे धोरण मंजूर केले आणि २०३० पर्यंत ४०,००० रोजगारांचा आकडा मांडला. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने दिघीच्या औद्योगिक नगरीला मान्यता दिली. जमीन ६,०५६ एकर, आणि ही जमीन आमच्याच माणगाव, तळा, रोह्याच्या बाजूची. रोजगाराचा आकडा १ लाख १४ हजारांचा.

आकडे ऐकून छाती फुगते. पण बंधूंनो, अनुदान कसे मोजायचे ते बघा. २०१५ साली ठरलेल्या धोरणात जहाजाच्या किमतीवर २० टक्के मदत होती आणि ती दर तीन वर्षांनी ३ टक्क्यांनी उतरत जायची होती. २०२५ च्या योजनेतही मदतीचे टक्के जहाजाच्या किमतीवरच धरले आहेत. म्हणजे पत्रा मोजला, इंजिन मोजले, व्याज मोजले. ज्या हाताने तो पत्रा जोडायचा त्याचा पगार किती, तो कायम की कंत्राटी, त्याला युनियन करता येईल की नाही, यावर एक पैसाही अडवून ठेवलेला नाही. जहाजाचे टप्पे पुरे झाले की अनुदान सुटते. मजुरी पुरी झाली का, हे विचारायला कुणी नाही.

आमचे म्हणणे एवढेच आणि ते आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. सरकारने जहाजबांधणीला मदत जरूर करावी. पण ती मदत घेणाऱ्याने कामगाराची हमी आधी लिहून द्यावी. हमी आधी, अनुदान मागाहून.

गिरणीवाल्याला जहाजाचे काय?

कुणी म्हणेल, तुम्ही सूतवाले. तुम्हाला समुद्राची उठाठेव कशाला? अहो, आम्ही कोकणातले. आमच्या घरात एक भाऊ खात्यात असला तर दुसरा बोटीवर आणि तिसरा गोदीत असायचा. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसे गेली. त्या दिवशी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली किती चुलाणी विझली, हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवायला नको.

जहाजाला सरकारचा हात लागतो हेही या किनाऱ्याला ठाऊक आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांना पाणी पाजले. पण १७५६ साली विजयदुर्गात ते आरमार जळाले ते एकट्या इंग्रजाच्या बळावर नव्हे. पेशव्यांचे घरचेच सरकार इंग्रजाच्या बाजूने उभे होते. तिथून पुढे दीडशे वर्षे समुद्र परक्याचा झाला.

मग १९०६ साली तिकडे तुतिकोरीनला चिदंबरम पिल्ले नावाच्या वकिलाने स्वदेशी जहाज कंपनी काढली. इंग्रज कंपनीने भाडे उतरवून त्यांना घेरले. तरी हा माणूस केवळ भागधारकांचा पुढारी होऊन बसला नाही. १९०८ च्या आरंभी तिथल्या कोरल गिरणीचे कामगार संपावर गेले, तेव्हा जहाजवाले पिल्ले त्यांच्या बाजूने उभे राहिले. सरकारने त्यांना पकडून जन्मठेप ठोठावली आणि कंपनी मोडली. त्याच वर्षी जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. स्वदेशी जहाज आणि गिरणी कामगार यांची गाठ अशी एकाच वर्षी बांधली गेली.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या शिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून विलायतेला सुटली. त्याच कंपनीने १९४१ साली विशाखापट्टणमला गोदी घातली आणि तिथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात उतरले. पण इथे बांधलेले जहाज विलायतीपेक्षा महाग पडे. खाजगी मालकाला ते पेलेना. शेवटी १९५२ साली सरकारने दोन तृतीयांश वाटा घेतला आणि हिंदुस्तान शिपयार्ड उभे राहिले. आपल्या मुंबईची माझगाव गोदी १९६० साली सरकारने ताब्यात घेतली. तिथून १९७२ साली ‘निलगिरी’ ही युद्धनौका नौदलात गेली आणि १५ जानेवारी २०२५ रोजी ‘वागशीर’ ही पाणबुडी.

यातून धडा काय? सरकारच्या मदतीवाचून या देशात जहाजबांधणी उभी राहिलेली नाही. २० सप्टेंबर २०२५ रोजी भावनगरच्या सभेत पंतप्रधानांनीच सांगितले की मालवाहतुकीपोटी दरवर्षी सुमारे ६ लाख कोटी रुपये परदेशी जहाज कंपन्यांना जातात. हा पैसा घरात राहावा असे आम्हालाही वाटते. म्हणून मदतीला आमचा विरोध नाही. आमचे भांडण मदतीशी नाही, बिनअटीच्या मदतीशी आहे.

आणि हे भांडण करायचा हक्क आम्हाला आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौदलाची पोरे निकस अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या आणि तुटपुंजा पगार यांच्याविरुद्ध उठली. २२ फेब्रुवारीला त्यांच्यासाठी गिरणगाव रस्त्यावर आले. परळ, लालबाग, डिलाईल रोडला गोळ्या चालल्या. मुंबईत दोनशेहून जास्त माणसे पडली. जहाजावरच्या माणसाचे दुखणे हे आमचे दुखणे आहे, ही रक्ताने केलेली नोंद आहे.

अट गेली, सवलत राहिली

आता आपल्या घरचा दाखला घ्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर गिरण्या कशा आटल्या ते सांगत बसत नाही. पण १९९१ साली काय झाले ते मात्र नव्या पोरांना सांगा. विकास नियंत्रण नियमावलीच्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनी विकायची, विकसित करायची सवलत मिळाली. तिला अट होती. जमिनीचे तीन वाटे करायचे, एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. येणाऱ्या पैशातून गिरणी सुधारायची आणि कामगारांची देणी भागवायची.

२००१ साली नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, जिच्यावर बांधकाम नाही तेवढ्याच जमिनीची. जिथे खाती उभी होती ती जमीन वाटणीतून सुटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ कायम केला. तीन भाऊ जेवायला बसले, एकाच्या ताटात भात आणि दोघांच्या ताटात पेज!

बंधूंनो, हे वाक्य पाठ करून ठेवा. अट गेली, सवलत राहिली. मालकाला मिळायचे ते मिळाले, आणि आपण घरांच्या सोडतीच्या याद्या बघत राहिलो. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या उरल्यासुरल्या गिरण्यांची चाकेही मार्च २०२० मध्ये थांबली. सरकारी मदत वाईट नव्हती. तिची अट सांभाळायला कामगार टेबलाशी नव्हता, हे वाईट होते.

गोदीतले काम आणि गोदीतला माणूस

जहाजबांधणीचे काम लाटेसारखे येते. पत्रा कापायचा, मोठमोठे खंड जोडायचे, वेल्डिंग करायचे, मग पाइप, विजेच्या तारा, रंग. काम भरात असते तेव्हा हजार माणसे लागतात. जहाज पाण्यात उतरले आणि पुढची ऑर्डर नसली की शंभर पुरतात. ही धंद्याची रीत आहे, आम्ही ती नाकारत नाही. पण या ओहोटीचा सगळा भार कंत्राटदाराच्या हाताखालच्या वेल्डरवर पडतो. मालकाखाली कंत्राटदार, त्याच्याखाली ठेकेदार, ठेकेदाराखाली आमचे पोर. बंद टाकीत धुरात वाकून काम करायचे त्याने, आणि अपघात झाला की हजेरीपटावर नाव सापडत नाही तेही त्याचेच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा संहितेचे ५७ वे कलम सांगते की कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी माणूस लावू नये. वाचून आनंद वाटला. पण त्याच कलमात अपवादांची अशी खिडकी ठेवली आहे की तिच्यातून हत्ती जाईल. दुसऱ्या बाजूने औद्योगिक संबंध संहितेने सरकारच्या परवानगीवाचून माणसे कमी करायची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली, आणि संपाला १४ दिवसांची नोटीस सगळीकडे सक्तीची केली. मालकाची वाट रुंद, आपली अरुंद.

गोदी बुडाली तर काय होते तेही कोकणाने पाहिले. दाभोळ आणि रत्नागिरीत जहाजे बांधणाऱ्या भारती शिपयार्डवर पुढे कर्जाचा डोंगर झाला आणि जानेवारी २०१९ मध्ये कंपनी मोडीत काढायचा हुकूम झाला. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात कामगाराची २४ महिन्यांपर्यंतची थकलेली मजुरी तारण ठेवून घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली आहे. चांगले आहे. पण हा हक्क मिळतो तो मोडीच्या बाजारात, कारखाना मेल्यावर. आम्हाला तेराव्याचे जेवण नको, जितेपणीची भाकरी हवी.

पुढारी म्हणतात, कोरियासारखी जहाजबांधणी करू. करा! पण कोरियाची पुरी गोष्ट सांगा. तिथली देवू नावाची अवाढव्य गोदी सरकारी बँकेच्या पैशावर तगून राहिली. पण मंदीच्या वर्षांत तिथल्या कंत्राटी कामगारांचे पगार सुमारे ३० टक्क्यांनी घटले. जून-जुलै २०२२ मध्ये ते ५१ दिवस संपावर होते. त्यांच्यातल्या एका वेल्डरने अर्धवट जहाजाच्या पोटात, मीटरभर लांबी-रुंदी-उंचीच्या लोखंडी पिंजऱ्यात स्वतःला कोंडून घेतले. मिळाली किती? साडेचार टक्के वाढ. वर कंपनीने पुढाऱ्यांवर प्रचंड नुकसानभरपाईचा दावा लावला. पण लढा वाया गेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोरियाच्या संसदेने कायदा केला. त्याने असल्या दाव्यांना लगाम घातला आणि कंत्राटी कामगाराला मुख्य मालकाशी बोलणी करायचा हक्क दिला.

हमी आधी मागता येते

‘अटी घातल्या तर धंदा पळून जाईल’ अशी भीती घालणारे लगेच उभे राहतील. त्यांना विचारा, पळून जाईल कुठे? पैसा केंद्राचा आहे. अट योजनेतच लिहिली तर ती रायगडला लागेल तशी गुजरातला आणि आंध्रालाही लागेल.

दुसरे म्हणतील, असे कुठे होते का? होते, आणि समुद्रावरच होते. पूर्वी आगबोटीवरच्या हिंदी खलाशाला गोऱ्या खलाशाच्या चौथाईहून कमी पगार मिळे. १९३९ साली लढाईच्या तोंडावर त्यांनी बंदराबंदरांत संप केले तेव्हा कुठे वाढ मिळाली. अशा पिढ्यांच्या भांडणातून २००६ साली सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २०१५ साली मान्य केला. त्यात पुढे अशी दुरुस्ती झाली, आणि ती २०१७ पासून लागू आहे, की मालकाने जहाज वाऱ्यावर सोडले तर खलाशाचा चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी यायचा खर्च भागेल एवढा विमा आधीच काढलेला असावा. विम्याचा कागद जहाजावर लावलेला असावा. हमी आधी, प्रवास मागाहून!

जिथे हा कागद खोटा, झेंडा उसना, तिथे काय होते तेही बघा. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीप्रमाणे २०२४ साली ३१२ जहाजांवर ३,१३३ खलाशी मालकांनी वाऱ्यावर सोडले. त्यांत सर्वांत जास्त, ८९९, आपल्या देशाचे होते. म्हणून नुसती हमी लिहून भागत नाही, ती तपासणारी संघटना लागते.

संघटनेने काय होते? देशातल्या मोठ्या बंदरांचे कामगार २८ ऑगस्ट २०२४ पासून संपावर जाणार होते. करार संपून अडीच वर्षे झाली होती. आदल्या दिवशी, २७ तारखेला समझोता झाला. साडेआठ टक्के पगारवाढ मिळाली. एक क्रेन थांबली नाही, पण सगळ्या थांबू शकतात हे सरकारला कळले होते.

स्कॉटलंडात क्लाइड नदीवरच्या गोद्यांना १९७१ साली सरकारने मदत नाकारली. कामगारांनी संप केला नाही. त्यांनी गोद्या ताब्यात घेतल्या आणि शिस्तीत काम चालू ठेवले. दारू नाही, दंगा नाही. १९७२ च्या फेब्रुवारीत त्याच सरकारला साडेतीन कोटी पौंड द्यावे लागले. कामगार फक्त मागत नाही, तो गोदी चालवूनही दाखवतो.

आणि लांब कशाला जायचे? आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरणच्या जासई परिसरात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र जमिनीसाठी उभे राहिले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व त्यांच्या रक्तातून आले. ज्याची जमीन त्याचा वाटा, ही अट त्यांनी सरकारकडून वसूल केली. माणगाव-तळ्याच्या जमिनी द्यायच्या तर तो धडा विसरून चालणार नाही.

आमच्या मागण्या

एक. जहाजबांधणीचे अनुदान घेणाऱ्या प्रत्येक गोदीने सहा महिन्यांच्या मजुरीएवढी रक्कम कामगारांच्या नावे बँकेत आधी ठेवावी. ती रक्कम दिसल्याशिवाय अनुदानाचा हप्ता सुटू नये.

दोन. पत्रा, जोडणी आणि वेल्डिंग हे गोदीचे मुख्य काम आहे. त्यात कंत्राट नको. ओहोटीच्या काळासाठी गोदी कामगारांची नोंदवही ठेवा आणि बसल्या दिवसाचाही पगार द्या. १९४८ च्या कायद्याने बंदरातल्या हमालांसाठी अशी नोंदणी झाली होती. ते तेव्हा जमले, मग आता का जमू नये?

तीन. दिघीच्या पट्ट्यात ज्यांच्या जमिनी जातील त्यांच्या मुलामुलींना वेल्डर, फिटर, पाइपवाला यांचे शिक्षण जमीन जायच्या आधी द्या. नोकरीचा कागद सातबाऱ्याबरोबरच हातात पडू द्या. माणगाव, म्हसळा, तळ्याला शिक्षणाची सोय करा.

चार. अनुदानावर देखरेख करणाऱ्या समितीत कामगारांनी निवडलेला माणूस बसवा. मालकाने निवडलेला नको.

पाच. अट मोडली तर अनुदान व्याजासकट परत. आणि ही अट पुढे ‘दुरुस्ती’ करून पातळ करता येणार नाही असे कायद्यातच लिहा. ५८ व्या नियमाची पुनरावृत्ती आम्ही होऊ देणार नाही.

बंधूंनो, आपल्या बाजूनेही एक कबुली द्यायला हवी. जहाज वेळेत पुरे करणे, जोडणी निर्दोष ठेवणे ही कामगाराची जबाबदारी आहे. ज्या जोडणीवर वीस माणसांचा जीव तरंगणार ती कच्ची सोडणारा आमचा नव्हे. पक्के काम आम्ही देऊ. पक्का करार तुम्ही द्या.

तर कामगारांनो, हे पान वाचून घडी करून खिशात टाकू नका. गावच्या पारावर वाचून दाखवा. ज्याची जमीन दिघीच्या नकाशात आली आहे त्याच्या ओटीवर जा. ज्याचे पोर कुठल्या गोदीत ठेकेदाराकडे लागले आहे त्याला हजेरीचा कागद मागायला सांगा. सही करायच्या आधी विचारा. सही झाल्यावर विचारणाऱ्याचे काय होते ते गिरणगावाला विचारा.

आमचे बाप पहिल्या वाटेने गेले तेव्हा त्यांना कुणी सावध केले नव्हते. आमची पोरे दुसऱ्या वाटेने निघाली आहेत. त्यांच्या हातात शिदोरीबरोबर हा एक कागद द्या.

हमी आधी, अनुदान मागाहून!
गिरणी, गोदी, खलाशी, एक फळी!
कामगार एकजुटीचा विजय असो!